जोडीनं वाचायची पुस्तकं

आमच्या तालुक्याच्या गावी दरवर्षी नवरात्र ते दिवाळी मंगल कार्यालयात पुस्तक प्रदर्शन भरतं. गेल्या वर्षी माझ्यासमोर एक गृहस्थ आले, निवृत्त असावेत. विक्रेत्याला म्हणाले, “इतिहासावरचं काहीतरी द्या. कथा-कादंबरी नको.” विक्रेत्यानं क्षणाचाही विलंब न लावता त्यांच्या हातात ‘छावा’ ठेवली. त्यांनीही आनंदानं पैसे मोजले.

यात विक्रेत्याची चूक नव्हती. मराठीत इतिहासाची भूक लागली की ताटात कादंबरी वाढायची, ही रीत १९६२च्या ‘स्वामी’पासून पक्की झाली आहे. कादंबरीशी माझं भांडण नाही. पण त्या टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, पाककृती आणि स्पर्धा परीक्षांच्या मध्ये, दुसरी एक जुनी मराठी परंपरा अंग चोरून उभी होती. आपल्या समाजाचं, गावाचं, देवाचं आणि राजाचं जे दिसलं, जे कागदावर सापडलं, ते साध्या मराठीत सांगणाऱ्या पुस्तकांची. त्या परंपरेतली पुस्तकं एकेकटी वाचली तर अर्धीच कळतात, जोडीनं वाचावी लागतात, असं माझं मत होत गेलं आहे. हा आढावा म्हणून सालांच्या क्रमानं नाही, जोड्यांच्या क्रमानं.

वरसईचे दोघे

पेणजवळच्या वरसई या गावानं मराठीला दोन इतिहासकार दिले. त्यातल्या एकाला आपण इतिहासकार आहोत हे ठाऊकच नव्हतं.

विष्णुभट गोडसे हे कर्जबाजारी घरातले भिक्षुक. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार आणि दक्षिणाही तशीच मिळणार, असं कानावर आल्यावर ते काकांबरोबर १८५७ साली उत्तरेकडे निघाले. वाटेत महूच्या आसपास बंडाची बातमी लागली, आणि पुढचा सगळा प्रवास त्या वणव्यातून झाला. १८५८च्या वेढ्यात ते झाशीतच होते. शहर पडल्यावर झालेलं ‘बिजन’ म्हणजे सरसकट कत्तल, लपून काढलेले दिवस, राजवाड्यातल्या ग्रंथसंग्रहाची झालेली धूळधाण, हे सगळं त्यांनी पाहिलं. पुढे काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशी त्यांना राणी भेटली. तहानलेली, धुळीनं भरलेली. भटजी पाणी काढायला पुढे झाले, तर तिनं विद्वान ब्राह्मणाला ते काम करू दिलं नाही. स्वतः शेंदून प्यायली. झाशीच्या राणीवर ढिगानं लिहिलं गेलं, पण मला ती दिसते ती या विहिरीवरच.

मिळवलेली दक्षिणा वाटेत लुटली गेली. आईवडिलांसाठी गंगेची कावड मात्र त्यांनी घरी आणली. हे सगळं १८८३च्या सुमारास भारताचार्य चिं. वि. वैद्यांच्या आग्रहावरून लिहिलं गेलं आणि इंग्रज सरकारच्या धास्तीमुळे ‘माझा प्रवास’ छापलं गेलं थेट १९०७ साली, गोडसे गेल्यावर. तेही वैद्यांनी बराच हात फिरवून. मूळ हस्तलिखितावरून केलेली आवृत्ती दत्तो वामन पोतदारांमुळे १९६६ साली हाती आली. वाचायची तर हीच वाचावी. पहिलीत भाषेला इस्त्री केलेली आहे, दुसरीत सुरकुत्या जागच्या जागी आहेत.

याच वरसईत १८६३ साली विश्वनाथ काशिनाथ राजवाडे जन्मले. गोडसे भटजींची भिस्त डोळ्यांवर, राजवाड्यांची कागदावर. लोकांच्या माळ्यावर, कोनाड्यात, वाळवीच्या तोंडी पडलेले दप्तरांचे रुमाल सोडवायला ते गावोगाव हिंडले. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ साली निघाला. पानिपताच्या आधीच्या दशकातली पत्रं त्यात आहेत. पुढे खंडांची संख्या बावीसवर गेली. लिहीन तर मराठीतच, हा त्यांचा हट्ट. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं ते त्यांच्याच पुढाकारानं, आणि १९२६ साली ते धुळ्याला वारले तेव्हा मागे उरलं ते कागदांचं भांडार.

साधनांचे खंड कोणी पलंगावर पडून वाचत नाही. पण त्यांच्या प्रस्तावना वाचाव्यात. माणूस तिरसट, मतं टोकाची, काही तर आज न पटणारी. तरी गद्याला धार अशी की वाद घालायला शेजारी कोणी हवं असं वाटतं. डोळ्यांनी पाहिलेल्याला कागदानं तपासायचं, आणि कागदात न मावलेलं डोळ्यांच्या साक्षीनं भरून काढायचं. वरसईच्या या दोघांना एकत्र वाचलं की हे आपोआप कळतं.

गावगाडा आणि त्याखाली सापडलेले

मराठी समाजावरचं सगळ्यात महत्त्वाचं एक पुस्तक सांगा म्हटलं तर मी त्रिंबक नारायण आत्र्यांचं ‘गांवगाडा’ सांगेन. साल १९१५. आत्रे महसूल खात्यातले. मुक्काम टाकत गावं पाहिलेला हा माणूस. पाटील-कुळकर्ण्यांची वतनं, कारू-नारू म्हणजे बलुतेदार-अलुतेदार, सुगीला खळ्यावर हात पसरून उभे राहणारे, बाजार, जत्रा, फिरस्ते: गावाचा एकही खिळा त्यांनी तपासायचा सोडला नाही. त्यांची कणव आहे ती कुणब्याबद्दल. त्याच्या राशीतून किती जण ओंजळ भरून नेतात, हा हिशेब पुस्तकभर चाललेला असतो. शेतकऱ्याच्या लुबाडणुकीचा पाढा फुल्यांनी १८८३च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये आधीच वाचला होता. अक्षरशः वाचला होता. लिहिता लिहिता जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणी त्यांनी तो लोकांना ऐकवला होता. आत्र्यांकडे फुल्यांचा आसूड नाही, पण कारकुनी बारकावा आहे, आणि तो आज सोन्याच्या मोलाचा आहे.

पण हे गाव कचेरीच्या तंबूतून दिसलेलं आहे. बलुतं मागणारा आत्र्यांना खळ्याच्या कडेला उभा दिसतो. घरी गेल्यावर तो काय बोलत असेल, हे त्या तंबूतून ऐकू येत नाही.

ते ऐकू यायला १९७८ उजाडावं लागलं. दया पवारांनी आपल्या आत्मकथनाला नाव दिलं, ‘बलुतं’. शब्द तोच, पण उच्चारणारं तोंड बदललं. मुंबईतला कावाखाना आणि धामणगावचा महारवाडा, यांच्यामध्ये येरझाऱ्या घालणारं ते बालपण. लिहिणारा पवार आपल्याच आतल्या दगडूशी, म्हणजे लहानपणीच्या स्वतःशी, बोलत बसतो, आणि दोघांनाही एकमेकांची थोडी लाज वाटत असते. ‘गांवगाडा’त वतन ही एक व्यवस्था आहे, इथं ती पिढ्यान्‌पिढ्या अंगाला चिकटलेली मळकी चादर होते. बाबासाहेबांनी महार वतनाविरुद्ध मुंबई कायदेमंडळात विधेयक आणलं ते १९२८ साली. ही कनिष्ठ वतनं रद्द करणारा कायदा झाला १९५८ साली. मधली तीस वर्षं समजून घ्यायची तर या दोन पुस्तकांच्या मध्ये बसावं लागतं.

आत्र्यांच्या ‘फिरस्ते’ प्रकरणालाही असंच उत्तर आलं. त्यांनी ‘गुन्हेगार जाती’ नावाचं पुस्तकही लिहिलं होतं, कारण सरकारी भाषाच ती होती. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून माणसं जन्मतःच गुन्हेगार ठरवली. नोंदलेल्या जमातींना पोलिसांकडे हजेरी द्यावी लागे, आणि तो कायदा गेला १९५२ साली. १९८० साली लक्ष्मण मान्यांचं ‘उपरा’ आलं. गाढवावर संसार लादून गावोगाव फिरणारं, फोकाच्या कणग्या-डालग्या विणणारं कैकाड्याचं घर, आणि त्या घरातून शाळेत गेलेला मुलगा. पुढे १९८७ साली लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’. तंबूतल्या साहेबाला जे टोळकं दिसलं होतं, त्यातलं एकेक माणूस नावगावासह बोलायला लागलं.

‘बलुतं’ आणि ‘उपरा’ ही दोन्ही पुस्तकं ‘ग्रंथाली’नं काढली, ही गोष्ट साधी नाही. १९७५च्या सुमारास सुरू झालेल्या या वाचक चळवळीनं स्वस्तात पुस्तकं छापून ती गावोगाव नेली. ग्रंथयात्रा निघाल्या नसत्या तर ही पुस्तकं पुण्या-मुंबईच्या परिसंवादांतच फिरत राहिली असती.

पंढरीची वाट, पंढरीचा देव

तिसरी जोडी पंढरपूरची. इरावती कर्वे ‘परिपूर्ती’तल्या ‘वाटचाल’ या लेखात वारीबरोबर चालतात. बर्लिनची डॉक्टरेट, मानववंशशास्त्राच्या प्राध्यापक. पण लेखात पाय दुखतात, ऊन लागतं, बाया ओव्या म्हणतात. एकाच दिंडीत ब्राह्मणांची आणि मराठ्यांची पंगत वेगळी बसते, आणि हे बाईंना रोज टोचतं. भक्तीचा गहिवर आहे आणि त्याच परिच्छेदात चूल निराळी असल्याची नोंदही आहे. महाराष्ट्राची व्याख्या त्यांना नकाशात सापडली नाही, पंढरीला चालणाऱ्या लोकांत सापडली. ‘युगान्त’ला १९६८चं साहित्य अकादमी पारितोषिक मिळालं आणि नाव त्याचंच झालं. मी मात्र नव्या वाचकाला आधी हा दहा-पंधरा पानी लेख देतो.

कर्वे वाटेबद्दल लिहितात, रा. चिं. ढेरे देवाबद्दल. १९८४ सालचं ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ हे जाडजूड पुस्तक रहस्यकथेसारखं वाचता येतं. कटीवर हात ठेवून उभा असलेला हा देव आला कुठून? ढेरे माग काढत जातात तो धनगर-गवळ्यांच्या वाड्यांवर, वीरगळांपाशी, विठ्ठल-बिरदेवाच्या जोडदेवळांपर्यंत. पट्टणकोडोलीला आजही विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत भंडारा उधळला जातो. रानातला गोपवीर संतांच्या ओव्या-अभंगांतून आणि पुराणकारांच्या संस्कृतातून चढत चढत साऱ्या महाराष्ट्राचा देव कसा झाला, ही त्यांची मांडणी. माढ्याच्या विठ्ठलमूर्तीच्या छातीवर मंत्राक्षरं कोरलेली आहेत म्हणून मूळ मूर्ती तीच, असं त्यांनी मांडलं तेव्हा वादळ उठलं. त्यांचा प्रत्येक निष्कर्ष मान्य करायलाच हवा असं नाही. पण दैवताचा इतिहास लिहूनही भाविकाचा मान कसा राखावा, हे कोणाकडून शिकायचं तर ढेऱ्यांकडून. पुढे सदानंद मोऱ्यांनी ‘तुकाराम दर्शन’मध्ये तुकोबांच्या निमित्तानं अख्ख्या महाराष्ट्राचा वैचारिक इतिहास धुंडाळला, तो याच वाटेवरचा पुढचा मुक्काम.

एका राजाची दोन टिपणं

शिवछत्रपतींवरच्या पुस्तकांना कपाटं पुरत नाहीत. त्यातली दोनच सांगतो, दोन्ही आकारानं लहान.

पहिलं तर पुस्तकच नाही. नरहर कुरुंदकरांनी रणजित देसायांना लिहिलेलं पत्र ‘श्रीमान योगी’ला प्रस्तावना म्हणून जोडलेलं आहे. नांदेडला शिकवणारा एक तरुण प्राध्यापक प्रथितयश कादंबरीकाराला सांगतो आहे की नायकाची पूजा बांधण्याआधी त्याच्या काळाला प्रश्न विचारा. कित्येकांनी कादंबरी वाचली आणि प्रस्तावना उलटून टाकली. माझं उलटं झालं.

दुसरी गोविंद पानसऱ्यांची ‘शिवाजी कोण होता?’, १९८८ सालची पुस्तिका. मूळ भाषणाचाच घाट असल्यानं पाराखाली बसून वाचून दाखवता येते. भर आहे रयतेवर. महाराजांनी १६७३ साली चिपळूणजवळच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. रयतेच्या भाजीलाही हात लावू नका, ही त्यातली ताकीद बहुतेकांना माहीत असते. मला त्यातला उंदीर आवडतो. रात्री दिवा तसाच ठेवू नका, उंदीर पेटती वात पळवेल आणि गवताच्या गंजीला आग लागेल, असं राजा बजावतो. गवत गेलं तर घोडी मरतील, ही काळजी. साम्राज्याशी झुंजणाऱ्या माणसाच्या डोक्यात उंदराला जागा होती, हे कळल्यावर पुतळ्यातला माणूस खाली उतरतो. २०१५ साली पानसऱ्यांची गोळ्या घालून हत्या झाली. पुस्तिका अजून खपते आहे.

आणखी काही, झरझर

जगाच्या इतिहासाची खिडकी मराठी वाचकाला उघडून दिली ती वि. ग. कानिटकरांच्या ‘नाझी भस्मासुराचा उदयास्त’नं आणि अरुण साधूंच्या ‘आणि ड्रॅगन जागा झाला’नं. माझ्या पिढीला हिटलर आणि माओ भेटले ते इथं. अलीकडे गिरीश कुबेरांनी तेलाचा इतिहास तसाच गोष्टीसारखा सांगितला. अनुवादांचा तर पूर आला आहे. त्यातल्या काहींमधलं मराठी मात्र वाळत घातलेल्या ओल्या कपड्यासारखं लोंबतं.

अनिल अवचटांचं ‘पूर्णिया’ १९६९चं. बिहारच्या दुष्काळात गेलेल्या तरुण डॉक्टरचं. पुढे निपाणीच्या तंबाखूच्या वखारीतल्या बायका, हमाल, बुवा-बाबांचे दरबार, असं सगळं ते जमिनीवर बसून ऐकत राहिले. लहान वाक्यं, मोठे शब्द टाळलेले. मिलिंद बोकिलांचं ‘गोष्ट मेंढा गावाची’ हे गडचिरोलीतल्या ग्रामसभेचं चरित्र म्हणजे मला ‘गांवगाडा’ची आजची पुरवणी वाटते. आत्र्यांचा गाडा वरून हाकलेला होता. मेंढ्यात बैल कुठे वळवायचे ते गावच ठरवतं.

एक तक्रार करतोच. आपल्या या पुस्तकांना मागे सूची नसते. ढेऱ्यांच्या एखाद्या ग्रंथात आठवणारी ओळ शोधायला रात्र घालवावी लागते. प्रकाशकांनी जाडजूड पुठ्ठ्यावर खर्च करण्यापेक्षा चार पानं सूचीला द्यावीत.

कपाट वेगळं आहे

या लेखासाठी पुस्तकं पुन्हा काढायला आमच्या ‘ब’ वर्ग वाचनालयात गेलो. ‘गांवगाडा’ची प्रत जवळपास कोरी, मुदतीच्या चिठ्ठीवर मोजून तीन शिक्के. ‘उपरा’चा कणा दोनदा शिवलेला, पानांच्या कडा बोटांनी काळ्या झालेल्या. ग्रंथपालांना म्हटलं, “ही दोन शेजारी ठेवता येतील का? एक वाचणाऱ्याला दुसरं दिसेल.”

त्यांनी चष्मा वर करून दोन्हींच्या पाठीवरचे आकडे पाहिले. “नाही हो,” ते म्हणाले. “हे समाजशास्त्र आणि ते आत्मचरित्र. कपाट वेगळं आहे.”

दोन्ही पुस्तकं मी एकाच वेळी माझ्या कार्डावर घेतली. परत करायला अजून गेलेलो नाही.