आकाशांतील विलक्षण आकार

ता. २ एप्रिल २०२२ रोजीं, गुढीपाडव्याच्या सायंकाळीं, महाराष्ट्राच्या आकाशांतून तेजस्वी रेषा सरकतांना अनेकांनीं पाहिल्या. कोणी त्यांस उल्का म्हटलें, कोणी परग्रहावरील यान. पुढें चंद्रपूर जिल्ह्यांतील लाडबोरी गांवीं धातूचें भलें मोठें कडें सांपडलें. वातावरणांत शिरतांना तापून तुटलेल्या चिनी अग्निबाणाचा तो अवशेष असावा, असें तज्ज्ञांनीं अनुमान केलें.

१९४७ सालीं अमेरिकन वैमानिक केनेथ अर्नोल्ड यांनीं आपण पाहिलेल्या वस्तूंची गति पाण्यावर टप्पे घेणाऱ्या बशीसारखी सांगितली. वृत्तपत्रांनीं त्या वस्तूंसच 'उडत्या बशा' ठरविलें!

तेव्हां आमच्या मुळशीच्या धरणाकांठीं रात्रीं कांहीं विलक्षण दिसल्यास आधीं वेळ, दिशा व आकार टिपावा. नांव मागाहून द्यावें. पडलेल्या वस्तूस मात्र हात न लावतां पोलिसांस कळवावें.