झुरळांचे पाणी तोडा
(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)

रात्री पाणी प्यायला उठावे, स्वयंपाकघरातला दिवा लावावा आणि ओट्यावरून दोन-चार झुरळे सुर्रकन शेगडीखाली पळावीत, हा अनुभव नाही असे घर विरळाच. मी आयुष्यभर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवले, मुलांकडून झुरळांची चिरफाड करून घेतली. पण घरातले झुरळ घालवायचे कसे, हे मला निवृत्तीनंतर नातीमुळे शिकावे लागले.

तिला लहानपणापासून दमा. २०१८च्या दिवाळीआधी आम्ही एका फवारणीवाल्याला बोलावले. त्याने बिनलेबलच्या बाटलीतले उग्र वासाचे औषध ओट्याखाली, कपाटांत, भांड्यांच्या मांडणीमागे मारले. बाटलीत काय आहे, हे मी विचारले नाही. मी, प्राणिशास्त्राचा माणूस! त्या रात्री पोरीला श्वास घेता येईना, दवाखान्यात न्यावे लागले. डॉक्टरांनी फवारणीबद्दल आम्हाला फैलावर घेतलेच, पण घरात झुरळे किती आहेत हेही विचारले. झुरळांची विष्ठा, लाळ आणि टाकलेली कात यांचे कण धुळीत मिसळतात आणि दम्याच्या रुग्णांना ते बाधतात. म्हणजे झुरळे ठेवली तरी पंचाईत, अशी मारली तरी पंचाईत.

घरोघरी वापरले जाणारे डायक्लोरव्हॉस हे असेच एक जहाल औषध. त्याच्या वापरावर ३१ डिसेंबर २०२० पासून आपल्या देशात बंदी आहे. तेव्हा घरी कोणी फवारणीला आले, तर आधी बाटलीवरचे लेबल वाचायला मागा. लेबल नसेल तर चहा पाजून परत पाठवा.

महिन्याभरात झुरळे परत आली ती आलीच. ती मोरीतून येणारी मोठी, तांबूस झुरळे नव्हती. ही जेमतेम दीड सेंटिमीटरची, फिकट तपकिरी, डोक्यामागे दोन काळ्या रेघा असलेली. शास्त्रज्ञ हिला जर्मन झुरळ म्हणतात. लिनियसने १७६७ मध्ये हे नाव दिले खरे, पण २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानुसार ही जात सुमारे २,१०० वर्षांपूर्वी भारत किंवा म्यानमारच्या भागात निपजली. तेव्हा जर्मनांना उगाच बोल लावायला नको, पाहुणी आपल्याकडचीच आहे.

हिची मादी अंड्यांची डबी पोटाच्या टोकाला धरून हिंडते. एका डबीतून तीस-चाळीस पिल्ले निघतात, आणि ती दोनेक महिन्यांत मोठी होतात. फवाऱ्याने समोरची मरतात, उरलेली बिजागरीत, मिक्सरच्या बुडात, फ्रिजच्या मोटारीपाशी दडी मारतात. डबीतल्या अंड्यांपर्यंत औषध सहसा पोचत नाही.

मात्र या किड्याची एक नस आपल्या हातात आहे. पाणी मिळाले तर तो अन्नावाचून महिनाभर तग धरतो. पाणीच नसेल, तर साधारण दोन आठवड्यांत संपतो. आपण खरकटे उचलतो, पण सिंक ओले ठेवून झोपतो. ठिबकणारा नळ, ओले फडके, फ्रिजखालचा पाण्याचा ट्रे, कुंडीखालची बशी ही त्यांची पाणपोईच. आम्ही नळाचा वायसर बदलला, ओट्याच्या फटींत पांढरे सिमेंट भरले आणि रात्री सिंक कोरडे पुसू लागलो.

त्याच्या जोडीला जेल. सिरिंजमध्ये मिळणाऱ्या या औषधाचे मसुरीच्या दाण्याएवढे ठिपके बिजागरीजवळ, ट्रॉलीच्या कोपऱ्यात, मुलांचा हात पोचणार नाही असे लावायचे. झुरळ ते खाऊन बिळात जाऊन मरते. त्याची विष्ठा आणि कलेवर खाणारी इतरही मरतात. मात्र त्यावर फवारा मारू नका, नाहीतर झुरळे तिकडे फिरकतच नाहीत. तसा हा प्राणी मोठा वस्ताद. ग्लुकोज घातलेले आमिष टाळणारी झुरळे अमेरिकेत आढळल्याचे १९९३ मध्ये नोंदले गेले. पुढे २०१३ मध्ये कळले की त्यांना ग्लुकोज चक्क कडू लागते! म्हणून एका जेलचा गुण येईनासा झाला, तर दुसरे आणून पाहावे.

कणीक, साखर आणि कॅरमची बोरिक पावडर यांच्या गोळ्या आमची आईही करायची. उपाय खोटा नाही, पण गोळ्या वाळल्या की झुरळे तोंड लावत नाहीत, आणि रांगते मूल मात्र लाडू समजून तोंडात घालते. बोरिक पावडर पोटात जाणे धोक्याचे. आमच्या घरी म्हणून तो प्रयोग नाही.

तीनेक महिन्यांत फरक पडला. सिंक पुसायचे काम नातीने स्वतःहून घेतले आहे. गेल्या पावसाळ्यात एकच झुरळ दिसले, तेही किराणा मालाच्या खोक्यातून आलेले. तेव्हापासून खोकी आम्ही जिन्यातच रिकामी करतो.