विश्लेषण : मत चाकूरला, संसार मुंबईत; मग पुनर्वसनाचे घर कुणाला?

चाकूर, अहमदपूर, उदगीर किंवा नांदेड जिल्ह्यातील कंधार-लोहा भागातून कामासाठी मुंबईला गेलेल्या अनेक कुटुंबांची शिधापत्रिका आणि मतदार यादीतील नाव गावाकडेच असते. पेरणी, सणवार, निवडणूक यानिमित्त येणे-जाणे सुरू असल्याने त्यात कुणाला वावगे वाटत नाही. मात्र मुंबईतील झोपडपट्टीचा पुनर्विकास सुरू झाला की पहिला प्रश्न येतो : ठरलेल्या तारखेपूर्वी तुम्ही इथे राहत होता, याचा पुरावा काय?

पात्रता कशी ठरते?

माजी मुख्य सचिव दि. के. अफझुलपूरकर यांच्या समितीच्या शिफारशींवर आधारित झोपडपट्टी पुनर्वसन योजना डिसेंबर १९९५ मध्ये मुंबईत सुरू झाली. विकासकाने झोपडीधारकांना घरे बांधून द्यायची आणि त्या बदल्यात मिळणाऱ्या जादा चटई क्षेत्रावर बांधलेली घरे बाजारात विकायची, असे तिचे गणित आहे. १ जानेवारी २००० पूर्वीच्या पात्र झोपडीधारकाला सध्या ३०० चौरस फुटांचे घर मोफत मिळते. त्यानंतरच्या, पण १ जानेवारी २०११ पर्यंतच्या झोपडीधारकाला अडीच लाख रुपये भरावे लागतात. मतदार यादी, वीजबिल आदी कागदपत्रे तपासून सक्षम प्राधिकारी पात्र-अपात्रांची यादी तयार करतो. तिलाच ‘परिशिष्ट-२’ म्हणतात. घराचे भवितव्य याच यादीवर ठरते.

तारखेची ही पद्धत आली कुठून?

४ जानेवारी १९७६ रोजी मुंबईतील झोपड्यांची गणना झाली, झोपड्यांना क्रमांक आणि रहिवाशांना ओळखपत्रे देण्यात आली. फुटपाथवरील बहुतेक संसार मात्र या नोंदीबाहेर राहिले. जुलै १९८१ मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री ए. आर. अंतुले यांनी फुटपाथवासीयांना हटवून त्यांच्या मूळ गावी पाठवण्याची घोषणा केली आणि भर पावसात झोपड्या पाडल्या जाऊ लागल्या. त्याविरोधात पत्रकार ओल्गा टेलिस यांच्यासह काही फुटपाथवासी सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यांतील एक जण १९६९ मध्ये संगमनेरहून आला होता. गावाकडचे घर पडल्यावर त्याने मुंबईत बदली कामगाराची नोकरी धरली. तुळशीवाडीच्या फुटपाथवरील जागेसाठी त्याने तिथल्या गुंडाला ३०० रुपये दिले, बांबू आणि प्लास्टिकसाठी आणखी ७०० रुपये मोजले. हा तपशील निकालपत्रातच आहे.

न्यायालयाने काय म्हटले?

सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांच्या पाच सदस्यीय घटनापीठाने १० जुलै १९८५ रोजी निकाल दिला. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे न्यायालयाने मान्य केले. मात्र फुटपाथवरील अतिक्रमण हटवण्याचा महापालिकेचा अधिकारही कायम ठेवला. पावसाळा संपेपर्यंत, म्हणजे ३१ ऑक्टोबरपर्यंत झोपड्या हटवू नयेत आणि १९७६ च्या गणनेत नोंद असलेल्यांना पर्यायी जागा द्यावी, असेही सांगितले. ज्यांची नोंद झालेली होती, त्यांनाच या निकालातून पर्यायी जागेचा आधार मिळाला.

संशोधनाने काय बदलले?

त्याच वर्षी ‘स्पार्क’ या संस्थेने भायखळा परिसराचा ई विभाग आणि काही मुख्य रस्त्यांवरील फुटपाथवासीयांची गणना केली. सुमारे ६ हजार कुटुंबे, २७ हजार माणसे मोजली गेली. अहवालाचे नाव होते ‘वी, द इनव्हिजिबल’, म्हणजे ‘आम्ही, अदृश्य’. ही माणसे आज आहेत, उद्या नाहीत, हा समज त्यातून खोटा ठरला. कमी मजुरीची कामे करणारी ही कुटुंबे वर्षानुवर्षे तिथेच राहत होती आणि कामावर चालत जात होती. पुढे ‘महिला मिलन’ आणि जोकिन अर्पुथम यांच्या नेतृत्वाखालील राष्ट्रीय झोपडपट्टीवासी महासंघाने वस्तीतल्या माणसांनीच वस्ती मोजण्याची पद्धत रूढ केली. रेल्वेमार्गालगतच्या हजारो कुटुंबांच्या पुनर्वसनात अशा याद्या कामी आल्या. १९९५ च्या योजनेत फुटपाथवासीयांनाही स्थान मिळाले.

मग अडचण कुठे आहे?

यादीत बसते ती झोपडी, तिच्यात राहणारा प्रत्येक जण नव्हे. वरच्या मजल्यावरील कुटुंबाला मूळ योजनेत घर नाही. धारावीच्या पुनर्विकासात अशांसाठी धारावीबाहेर भाडेतत्त्वावरील घरांची तरतूद करावी लागली, ती याच कारणाने. दुसरी अडचण मतदार यादीची. कायद्याने एका व्यक्तीचे नाव एकाच मतदारसंघात असू शकते. त्यामुळे ज्याने मत गावाकडे ठेवले, त्याच्या हातून मुंबईतील एक महत्त्वाचा पुरावा जातो. वीजबिल मालकाच्या नावे असेल तर तोही आधार उरत नाही. वीस वर्षे शहरात राबलेला माणूस कागदावर तिथे आलेलाच नसतो.

गावाकडच्या घरकुलाचा परिणाम होतो का?

प्रधानमंत्री आवास योजनेच्या शहरी भागात होतो. देशात कुठेही स्वतःचे किंवा कुटुंबातील व्यक्तीचे पक्के घर असेल, तर तिचा लाभ मिळत नाही. म्हणजे गावात घरकुल घेतलेल्या मजुराला कामाच्या शहरात मालकीचे नाही, तर परवडणाऱ्या भाड्याचे घर हवे असते. टाळेबंदीत मजुरांचे लोंढे गावाकडे परतल्यावर, जुलै २०२० मध्ये केंद्राने भाड्याच्या घरांची योजना आणली. मे २०२५ मध्ये मंजूर झालेल्या राज्याच्या गृहनिर्माण धोरणातही भाड्याच्या घरांवर भर आहे.

पुढे काय?

राज्याच्या धोरणात घरांच्या गरजेचे सर्वेक्षणही अभिप्रेत आहे. ते करताना लातूर-नांदेडमधून हंगामी किंवा कायम बाहेर गेलेली कुटुंबे कुठे मोजायची, हे आधी ठरवावे लागेल. गावात मोजली तर शहरातील गरज कमी दिसेल, शहरात मोजली तर तिथला पुरावा मागितला जाईल. मुंबईत राहणाऱ्या कुटुंबांनी मात्र धोरणाची वाट न पाहता भाडेकरार, मुलांचे शाळेचे दाखले, रुग्णालयाची कागदपत्रे त्या पत्त्यासह जपून ठेवलेली बरी. केवळ त्यावर पात्रता मिळेलच असे नाही. पण वस्तीची पुढची मोजणी होईल तेव्हा दाखवायला हाती काहीतरी असेल.