बिल उशिरा निघते? आधी दुखणे शोधा, मग खर्च करा

आपल्यातील अनेक दुकानदार व कारखानदार बांधव आता हिशेबाचा प्रोग्राम इंटरनेटवरून संगणकावर उतरवून घेतात. प्रोग्राम दुकानात चालतो, खतावणी मात्र दूरच्या सर्व्हरवर असते. सोय मोठी आहे. भिवंडीच्या गोदामातील शिल्लक मुंबईच्या पेढीवर दिसते. पण ईदच्या गर्दीत एका बिलाला दहा सेकंद लागले की गिऱ्हाईक उठून जाते. मग सल्ला मिळतो, 'इंटरनेटचा मोठा प्लॅन घ्या.' आम्ही म्हणतो, पैसे भरण्याआधी तीन गोष्टी तपासा.

पहिली गोष्ट, उशीर केव्हा होतो? फक्त सुरू होताना होत असेल तर बहुधा प्रोग्राम नवी आवृत्ती शोधत असतो आणि अँटिव्हायरस त्याच्या फाइली तपासत असतो. दुकान उघडताच प्रोग्राम सुरू करावा व दिवसभर चालू ठेवावा.

दुसरी गोष्ट, संगणक. कंट्रोल, शिफ्ट व एस्केप ही बटणे एकत्र दाबली की विंडोजचा टास्क मॅनेजर उघडतो. बिल करताना मेमरी किंवा डिस्क १०० टक्क्यांना टेकली तर दोष संगणकाचा आहे. रॅम वाढवा, जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवा.

तिसरी गोष्ट, अंतर. भाव, शिल्लक, जीएसटी, उधारी यांसाठी प्रोग्राम सर्व्हरकडे खेपा घालतो. एका खेपेला २०० मिलिसेकंद लागले आणि खेपा ५० असल्या, तर १० सेकंद गेले. मोठा प्लॅन म्हणजे रुंद रस्ता. त्याने रस्त्याची लांबी घटत नाही. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. म्हणून अमेरिकेतील सर्व्हरचे उत्तर मुंबईतील सर्व्हरइतके लवकर येणे शक्यच नाही. कमांड प्रॉम्प्टमध्ये 'पिंग' व पुढे सर्व्हरचे नाव लिहिले की एका खेपेचा वेळ दिसतो. काही सर्व्हर पिंगला उत्तर देत नाहीत. तेव्हा विक्रेत्याकडून आकडा मागावा. वायफायऐवजी एकदा केबल जोडूनही पाहावे.

विक्रेत्याला दोन प्रश्न अवश्य विचारा: सर्व्हर कोणत्या शहरात आहे? एका बिलाला किती खेपा होतात? अ‍ॅमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईत आपली सर्व्हर-केंद्रे सुरू केली. इतर कंपन्यांचीही भारतात आहेत. तेव्हा सर्व्हर जवळ आणता येतो. खेपा कमी करणे मात्र प्रोग्राम लिहिणाऱ्याचे काम आहे, ते त्याच्याकडूनच करून घ्यावे.

कापड घेताना आपण ताणून, उजेडात धरून पाहतो. इथेही तीच पारख हवी. न तपासता केलेला खर्च म्हणजे इसराफ, आणि हलालच्या कमाईला तो शोभत नाही.