मी ‘मिळालो’, त्याची गोष्ट

लग्न ठरल्यानंतर होणाऱ्या सासरी, पुण्यात, मी पहिल्यांदाच सगळ्यांबरोबर जेवायला बसलो होतो. दहा-बारा माणसं, पानात अळूची भाजी, आणि सगळ्यांचं लक्ष नव्या जावयाकडे. बोलता बोलता मी म्हणालो, “काल मी काकांना स्टेशनवर मिळालो.” सासऱ्यांनी पानातून मान वर केली. “मिळालात? का हो, हरवला होतात की काय?”

सगळे हसले. मीसुद्धा हसलो. पण त्या दिवशी अळूची भाजी कशी झाली होती, ते मला आजही सांगता येणार नाही.

इंदूरला आमच्या घरी सगळे असंच बोलतात. हिंदीतलं ‘मिला’ आमच्या मराठीत कधी येऊन बसलं, कोणालाच माहीत नाही. पिढ्यानपिढ्या तिथे राहिल्यावर राजवाड्याची हवा जिभेला लागणारच. बडोद्याच्या मराठीत गुजराती डोकावते, बेळगावच्या मराठीत कानडी. आपल्यापैकी बऱ्याच जणांनी असा एखादा ‘मिळालो’ गाठीला बांधलेला असेल.

त्यानंतर मी सासऱ्यांसमोर जपून बोलायला लागलो. कामावर आम्ही एकमेकांचा कोड तपासतो ना, तसं प्रत्येक वाक्य आधी मनात तपासायचं. ‘भेटलो’ की ‘मिळालो’? ‘मला लागतं’ नको, ‘मला वाटतं’. वाक्य पास होईपर्यंत विषय पुढे गेलेला असायचा. मग सोपा उपाय सापडला: “हो बाबा”, “नाही बाबा”, “चालेल”. एवढ्यावर चार वर्षं काढली. बायकोशी हिंदी-मराठीची खिचडी, मित्रांशी इंग्रजी, आणि सासऱ्यांशी तीन शब्द.

चार्ल्स कूली नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने 1902 मध्ये आपल्या स्वतःबद्दलच्या कल्पनेला आरशाची उपमा दिली. समोरच्याला आपण कसे दिसत असू याची आपण कल्पना करतो, तो आपल्याबद्दल काय मत बनवत असेल याची कल्पना करतो, आणि त्यावरून अभिमान किंवा लाज वाटून घेतो. यात समोरच्या माणसाला कोणी काही विचारतच नाही, हे वाचताना मला हसू आलं. माझ्या आरशात सासरे कायम मान वर करून हसत असायचे. प्रत्यक्षात ते बहुतेक वेळा पेपर वाचत असायचे.

एक दिवस बायको म्हणाली, “बाबा म्हणत होते, जावई मोठा माणूस, आमच्याशी काय बोलणार!”

मी गारच पडलो. मी लाजून गप्प होतो आणि ते त्याला शिष्टपणा समजत होते. तरी मी लगेच काही केलं नाही. असं काही कळल्यावर माणूस जाऊन बोलतो ते सिनेमात; मी अजून सहा महिने “हो बाबा” म्हणत राहिलो.

मग त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आलं. घरात दुसरं कोणी मोकळं नव्हतं म्हणून मी सोबत गेलो. थेंब घालून बसवलेलं, नंबर लागायला दोन तास, आणि त्यांना पेपर वाचता येत नव्हता. धीर करून मी ती ‘मिळालो’ची गोष्ट काढली.

“मी असं म्हणालो?” त्यांना काहीच आठवत नव्हतं. “बरं म्हणालो की!” असं म्हणून ते पुन्हा हसले. थोड्या वेळाने स्वतःहून म्हणाले, “मला ते नाही आठवत. पण पहिल्या गणपतीला आरती चालू असताना तुम्ही बाल्कनीत इंग्रजीत फोनवर बोलत होतात, ते आठवतं. आणि तुम्ही नेमकं काय काम करता असं विचारलं, तर ‘ते जरा टेक्निकल आहे’ म्हणालात.”

बाल्कनी मला अजिबात आठवत नव्हती. ‘टेक्निकल’ मात्र आठवलं. माझं काम मराठीत कसं सांगायचं ते मला येत नव्हतं, म्हणून मी तसं म्हणालो होतो. त्यांना ऐकू आलं, ‘तुम्हाला कळणार नाही.’

थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी 2000 साली छापलेला एक प्रयोग आहे. लाज वाटेल असा टी-शर्ट घालून एका विद्यार्थ्याला भरल्या खोलीत पाठवायचं आणि मग विचारायचं, किती जणांच्या लक्षात आला? घालणाऱ्यांना वाटायचं, जवळपास निम्म्यांच्या. खरा आकडा त्याच्या साधारण निम्मा निघाला. माझा टी-शर्ट सासऱ्यांनी पाहिला होता, पण घरी जाईपर्यंत विसरले होते. मी तो चार वर्षं अंगातून काढला नव्हता. आणि त्यांच्या लक्षात राहिलेला टी-शर्ट भलताच होता; तो मी घातलाय हेच मला माहीत नव्हतं.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण त्या रात्री मला आईची आठवण आली.

पुण्यात स्थिरावल्यावर मी फोनवर आईचं मराठी सुधारायला लागलो होतो. “आई, ‘पाणी पडून राहिलं’ नाही, ‘पाऊस पडतोय’.” माझ्या मनात तो लाडच होता. 1990 मध्ये स्टॅनफर्डला एलिझाबेथ न्यूटनने एक प्रयोग केला. लोकांना टेबलावर बोटांनी ओळखीच्या गाण्यांचा ठेका वाजवायला सांगितला. वाजवणाऱ्यांना वाटलं, ऐकणारे निम्मी गाणी ओळखतील. 120 पैकी ओळखली गेली 3. वाजवणाऱ्याच्या डोक्यात पूर्ण गाणं असतं, ऐकणाऱ्यापर्यंत नुसती टकटक पोहोचते. आईपर्यंतही टकटकच पोहोचली असणार. आधी अर्धा-अर्धा तास बोलणारी आई हल्ली म्हणायची, “तूच सांग, मी ऐकते.” मी समजत होतो, वय झालंय.

मागच्या रविवारी फोन केला. ती म्हणाली, “इथे सकाळपासून पाणी पडून... पाऊस पडतोय.”

मी म्हणालो, “इथे पण पाणी पडून राहिलंय, आई.”

ती क्षणभर गप्प झाली. “काय रे, एवढी वर्षं पुण्यात राहून असं बोलतोस?”

आणि मग शेजारच्या काकूंनी गच्चीवर वाळत घातलेल्या पापडांचं काय झालं, ते सांगायला लागली. पंचवीस मिनिटं.