गाण्याचे पैसे टी-शर्टात

तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाने टी-शर्टांवर बोलावं, हे विषय वाचून काहींना विचित्र वाटलं असेल. पण विषय आम्हीच सुचवला. का, ते बोलता बोलता लक्षात येईल.

चित्र असं आहे बघा. इंग्लंड-अमेरिकेत असंख्य छोटे, स्वतंत्र बँड आहेत. स्वतंत्र म्हणजे डोक्यावर कुठल्या मोठ्या रेकॉर्ड कंपनीचा हात नसलेले. एका व्हॅनमध्ये वाद्यं कोंबायची, आळीपाळीने गाडी चालवायची, आज या गावी, उद्या त्या गावी. रात्री एखाद्या क्लबात दीड-दोनशे माणसांपुढे वाजवायचं. कार्यक्रम संपला की दाराशी एक टेबल असतं, त्यावर टी-शर्ट, तबकड्या, पोस्टर. आणि पुष्कळदा मघाशी ड्रम बडवणाराच आता घामाघूम होऊन ‘मीडियम देऊ की लार्ज?’ विचारत उभा असतो. या मालाला तिकडे ‘मर्च’ म्हणतात, मर्चंडाईजचं लघुरूप. पुण्यात २०१० साली एनएच७ वीकेंडर सुरू झाला, त्यामुळे स्वतंत्र बँड ही गोष्ट आपल्या तरुणांनाही परकी नाही.

तर प्रश्न असा की त्या टेबलावर आपण नेमकं काय विकत घेतो? टी-शर्ट? तसला कपडा बाजारात निम्म्या किमतीत मिळतो. मदत करतो म्हणावं, तर मग सरळ दानपेटीच ठेवायची, टी-शर्ट कशाला?

अ‍ॅडम स्मिथपासून सुरुवात करू. १७७६ सालच्या ‘वेल्थ ऑफ नेशन्स’मध्ये स्मिथने श्रमाचे दोन भाग केले, उत्पादक आणि अनुत्पादक. अनुत्पादक श्रम म्हणजे ज्यातून विकता येईल अशी टिकाऊ वस्तू मागे उरत नाही. त्याच्या यादीत नोकरचाकर आहेत, धर्मोपदेशक आहेत, वकील-डॉक्टर आहेत, नट, विदूषक, वादक आणि ऑपेराचे गायक आहेत. सगळ्या प्रकारचे विद्वानही आहेत, म्हणजे आम्हीसुद्धा आलोच. स्मिथचं म्हणणं असं की गाणं ज्या क्षणी निर्माण होतं त्याच क्षणी नाहीसं होतं. हे अपमान म्हणून घ्यायचं कारण नाही. गवयाची आर्थिक अडचण इतक्या स्वच्छपणे फार थोड्यांनी मांडली आहे. विरून जाणाऱ्या गोष्टीचे पैसे घ्यायचे कसे?

विसाव्या शतकाने याला एक उत्तर शोधलं, तबकडी. गाणं वस्तूत बसलं, वस्तू विकता आली. मग कॅसेट, मग सीडी. आता स्ट्रीमिंग आलं आणि गाणं पुन्हा हवेत गेलं! तिथे एका ऐकण्याचा ठरलेला दर नसतो. जमलेल्या पैशांची एकूण ऐकण्यांच्या प्रमाणात वाटणी होते, आणि एका ऐकण्यामागे सेंटचा जेमतेम अंश हाती लागतो. त्यातही स्पॉटिफायने २०२४ पासून नियम केला की मागच्या बारा महिन्यांत एक हजार वेळा ऐकलं न गेलेल्या गाण्याला त्या वाटणीत काहीच नाही. नवख्या बँडची किती गाणी त्या रेषेखाली राहत असतील, कल्पना करा. म्हणून मग टी-शर्ट. विरणाऱ्या गाण्याची मागे उरणारी खूण.

यात आपल्याला परकं असं काही नाही. दीक्षाभूमीवर किंवा ६ डिसेंबरला दादरला गेला असाल तर गाण्यांच्या पुस्तिकांचे, कॅसेटचे, पुढे सीडींचे स्टॉल पाहिले असतील. गाणं ऐकायचं आणि त्याचा एक तुकडा घरी न्यायचा.

पण आम्हाला सांगायचं आहे ते थोडं पुढचं. कलावंताला पैसे देण्याच्या आपल्याकडच्या दोन रीती घ्या. एक बिदागी. ती यजमान देतो, श्रोता नुसता ऐकतो. श्रोत्याचा आणि गवयाचा व्यवहारच नाही. दुसरी तमाशातली दौलतजादा. इथे प्रेक्षक थेट देतो, मध्ये कोणी नाही. पण किती द्यायचं ते देणाऱ्याच्या मर्जीवर, आणि त्या नोटेबरोबर एक नजरही येते. थेटपणा आहे, बरोबरी नाही. आता ते टेबल पाहा. किंमत लिहिलेली आहे. घेणारा उपकार करत नाही, देणारा हात पसरत नाही. पैसे दिले, वस्तू घेतली, दोन शब्द बोलले, संपलं. थेट आणि बरोबरीचा असा व्यवहार कलेच्या बाबतीत फार दुर्मीळ असतो. टी-शर्ट घेताना आपण विकत घेतो ती ही बरोबरी, असं आमचं मत आहे. म्हणूनच ‘बिचाऱ्यांना मदत करा’ हा सूर आम्हाला मुळीच पटत नाही.

अर्थात ‘थेट’ हा शब्द जपून वापरायला हवा. कारण ते टेबल ज्या हॉलमध्ये आहे, तो हॉल अनेकदा विक्रीत वाटा मागतो. वीस-पंचवीस टक्के, कुठे त्याहून जास्त. आणि हे टक्के नफ्यावर नसतात बरं का, विक्रीच्या किमतीवर असतात. गणित करून पाहू. समजा टी-शर्ट तीस डॉलरचा. छापून घ्यायला दहा लागले. हॉलचे पंचवीस टक्के म्हणजे साडेसात. बँडकडे राहिले साडेबारा. म्हणजे वीस डॉलरच्या नफ्यातले साडेसात, चाळीस टक्क्यांच्या जवळपास, हॉलने नेले! छपाईचा खर्च बँडचा, व्हॅनमधून ओझं वाहायचं बँडने, न खपलेले एक्स्ट्रा लार्ज परत न्यायचे तेही बँडनेच. तरीही लोक हेच का विकतात? एका ऐकण्याला सेंटचा तिसरा हिस्सा धरला, तर तेवढ्या साडेबारा डॉलरसाठी पावणेचार हजार वेळा गाणं ऐकलं जायला हवं. एका माणसाने तो टी-शर्ट घेतला की काम झालं.

मार्क्सने या बाबतीत एक बारीक फरक केला होता. तीच गायिका, तेच गाणं. ती आपलं गाणं आपणच विकते तेव्हा ती भांडवलाच्या हिशेबात उत्पादक श्रमिक नव्हे. थिएटरवाल्याने पैसा कमावण्यासाठी तिला गायला ठेवलं की ती झाली. गाण्यात काडीचा बदल नाही, बदललं ते नातं. हॉलचा वाटा म्हणजे तेच. टेबलावरचा स्वतंत्र विक्रेता एका सहीनिशी पुन्हा अर्धा नोकर होतो.

याविरुद्ध आवाज उठला. ब्रिटनमध्ये फीचर्ड आर्टिस्ट्स कोअलिशन या कलावंतांच्या संघटनेने जानेवारी २०२२ मध्ये मर्चवर एक पैसाही न घेणाऱ्या हॉलची यादी करायला घेतली. अमेरिकेत लाइव्ह नेशन या बलाढ्य कंपनीने सप्टेंबर २०२३ मध्ये आपल्या क्लबांमध्ये हा वाटा घेणार नाही असं जाहीर केलं, वर दर कार्यक्रमामागे बँडला प्रवासखर्चाचे दीड हजार डॉलर. आनंदच झाला असेल सगळ्यांना? नाही. स्वतंत्र हॉलवाल्यांची संघटना म्हणाली की मोठ्या कंपनीला हे परवडतं, आम्हाला नाही; यात आम्हीच मरू. त्यांचंही सर्वस्वी चूक नाही. वीज, भाडं, माणसांचे पगार त्यांनाही आहेत. पण मग ते तिकिटात किंवा हॉलच्या भाड्यात उघडपणे लावावं. श्रोत्याला वाटतं आपण बँडला दिले, आणि जातात भलतीकडे, ही लपवाछपवी आम्हाला खटकते.

आता एक आक्षेप, आणि तो भारी आहे. वॉशिंग्टनचा फुगाझी नावाचा बँड होता. डिस्कॉर्ड ही स्वतःचीच कंपनी, तिकीट शक्य तिथे पाच डॉलर, आणि टी-शर्ट अजिबात नाहीत. आम्ही संगीतवाले आहोत, कापडवाले नाही, असा एकूण बाणा. गंमत अशी की ‘हा फुगाझीचा टी-शर्ट नाही’ असं छापलेले टी-शर्ट परस्पर कुणीतरी विकायला काढले! फुगाझीचं चुकलं असं आम्ही म्हणणार नाही. गाणाऱ्याने गाण्यावरच जगावं हे न्यायाचंच. पण त्यांना ते जमलं ते तबकड्या खपत होत्या त्या काळात. आज जो बँड निघतो त्याच्यापुढे ती वाट उरलेली नाही, आणि त्याला फुगाझीच्या तराजूत तोलणं अन्याय आहे.

शेवटी, इथे आलेल्या चिठ्ठ्यांपैकी एकीत विचारलंय की पुण्यात बसून परदेशी बँडकडून घ्यायचं कसं. टपालखर्च बऱ्याचदा टी-शर्टाइतकाच होतो, वर कस्टम्स. तेव्हा दूरच्या बँडची गाणीच विकत घ्यावीत. बँडकॅम्पवर डिजिटल विक्रीतले साधारण पंधरा टक्के आणि वस्तूंवर दहा टक्के कंपनी घेते, पैसे वळते करण्याचा खर्च वेगळा, बाकी कलावंताला. मार्च २०२० मध्ये, महासाथीत दौरे बंद पडले तेव्हा, त्यांनी एका शुक्रवारी आपला वाटा सोडला, आणि पुढे असे शुक्रवार बरेच झाले. मात्र हेही लक्षात असू द्या की ही कंपनी २०२२ आणि २०२३ अशी लागोपाठ दोनदा विकली गेली आणि दुसऱ्या वेळी निम्म्याच्या आसपास माणसांची नोकरी गेली. म्हणून बँडची स्वतःची वेबसाईट असेल तर आधी तिथे पाहावं. आणि कार्यक्रमाला प्रत्यक्ष गेलात तर टेबलावरच्या माणसाला सरळ विचारा, हॉल किती घेतो? राग येत नाही त्यांना. उलट जास्त घेत असेल तर तोच हळूच सांगतो, साईटवरून मागवा. फुटपाथवर तसाच टी-शर्ट निम्म्या किमतीत घेऊन बसलेला दिसेल, त्यातलं बँडला काही पोचत नाही.

दुसऱ्या चिठ्ठीतला कांटविषयीचा प्रश्न पुढच्या व्याख्यानात घेऊ, तो मोठा आहे.