थेंबाथेंबाने दूध

जन्मतः १५०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाची बाळे बहुधा दिवस भरण्याआधीच जन्मलेली असतात. चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळ गर्भारपणाच्या हिशेबाने ३४व्या आठवड्याच्या सुमारास बसतो. त्याआधी अंगावर पाजल्यास दूध श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. म्हणून अशा बाळाच्या जठरात बारीक, मऊ नळी घालून दूध दिले जाते.

नळी नाकातून किंवा तोंडातून घालता येते. नवजात बाळ मुख्यतः नाकाने श्वास घेते, त्यामुळे नाकातली नळी श्वासाची वाट अरुंद करते. तोंडातली नळी ही अडचण टाळते, पण ती सहज सरकते. नाकाच्या टोकापासून कानाच्या पाळीपर्यंत आणि तिथून छातीचे हाड व बेंबी यांच्या मध्यापर्यंत मोजून लांबी ठरवतात. दूध सोडण्यापूर्वी नळी जागेवर असल्याची खात्री करतात.

दूध देण्याच्याही दोन पद्धती आहेत. पहिलीत दर दोन-तीन तासांनी, दट्ट्या काढलेल्या सिरिंजमधून दूध आपल्या वजनाने हळूहळू उतरू देतात. दुसरीत पंपाने संथ धार अखंड चालू ठेवतात. यात आईच्या दुधातली स्निग्धता नळीला चिकटून वाया जाते. कोणतीही एक पद्धत सर्व बाळांसाठी निर्विवादपणे सरस ठरलेली नाही.

सुरुवात अगदी थोडक्या दुधाने होते. १२०० ग्रॅमच्या बाळाला दिवसाला किलोमागे २० मिलिलिटर दूध द्यायचे, तर दर दोन तासांनी २ मिलिलिटर, म्हणजे अर्धा चहाचा चमचाही नाही. पुढे ते रोज वाढवतात. ब्रिटन आणि आयर्लंडमधील सुमारे २८०० बाळांवरील अभ्यासात दूध रोज किलोमागे १८ किंवा ३० मिलिलिटरने वाढवून पाहिले. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दोन वर्षांच्या वयाला दोन्ही गटांच्या प्रकृतीत ठळक फरक आढळला नाही. पोट फुगणे, हिरवी उलटी किंवा शौचातून रक्त दिसले, तर मात्र दूध थांबवून तपासणी करतात.

नळीतून जाणारे दूध शक्यतो आईचेच हवे, कारण ते आतड्याच्या घातक दाहापासून वाचवते. मुंबईच्या सायन रुग्णालयात १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातील पहिली दूधपेढी सुरू केली, ती आईचे दूध न मिळणाऱ्या बाळांच्या गरजेतून. देवगाव रंगारीसारख्या गावातून बाळ छत्रपती संभाजीनगरला हलवावे लागले, तरी आई सोबत असणे म्हणूनच मोलाचे. तिने पहिल्या दिवसापासून चीक काढून द्यावा आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने बाळाला उघड्या छातीशी धरावे. बाळ सावरले की वाटी-चमचा येतो, मग अंगावरचे दूध, आणि नळी निघते.